आधारच्या धुनेतली खुर्ची

खरं सांगा, तुमचे कान तुमचे स्वतःचे आहेत का? की दुकानदाराने 'हे भारी आहे' म्हटलं की तुम्हालाही भारीच ऐकू येतं? राग मानू नका. मीही तसलाच होतो. जळगावात हातगाडीवाल्यांची युनियन चालवतो, मोर्चात घसा फोडतो, साहेबांच्या टेबलावर हात आपटतो. ऐकून घ्यायची सवय मला कधी नव्हतीच. ती मला पिंप्राळ्याच्या आधार सपकाळेने लावली. आमच्या समाजाच्या या माणसाविषयी कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहितोय.

आधारचं दुकान म्हणजे रस्त्याला तोंड करून असलेली पत्र्याची एक खोली. वर पाटी, 'समता रेकॉर्डिंग सेंटर'. आत रेडिओ उघडे पडलेले, एक तबकड्यांचं मशीन, दोन टेपडेक आणि भिंतभर कॅसेटी. दहावी नापास. दुरुस्तीचं काम कुणाकडे बसून शिकला नाही. बिघडलेला रेडिओ उघडायचा, बघायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. पण खरी शिकवणी बापाकडून मिळाली. बाप निंबा, कापसाच्या जिनात तीस वर्षं मजूर. जिनात चोवीस मशिनी एकदम धडधडायच्या, तरी निंबाआबा दारात उभं राहून सांगायचे, "सातवीनं पातं बोथट झायं." फिटर जाऊन बघायचा, तर सातवीचंच असायचं. त्या कानाचा पगार आबांना कुणी दिला नाही. तोच कान पोराकडे आला.

आता त्या धुनेकडे येतो. पंच्याऐंशी साली आधारचा मामेभाऊ अभिमन मस्कतहून सुट्टीवर आला. तिकडे बांधकामावर होता. येताना त्याने एक कॅसेट आणली. तीत सिंथेसायझरवर वाजवलेली एक धून होती. गाणारा कुणी नाही, शब्द नाहीत, ढोलकी नाही, बासरी नाही. खाली विहिरीवरच्या इंजिनासारखा एकसारखा ठोका आणि वर शिट्टीसारखा एक सूर, जो चढत चढत जातो आणि शेवटी पतंगासारखा तुटून लांब जातो. वाजवणारा परदेशातला. नाव आम्हाला वाचता यायचं नाही. आधारने ती जयंतीच्या मिरवणुकीआधी भोंग्यावर लावली आणि सगळी गल्ली घराबाहेर आली. शब्दच नव्हते, त्यामुळे ही यांची, ती त्यांची, असं कुणाला म्हणता येईना. मग लग्नात नवरदेव उतरताना तीच, शाळेच्या गॅदरिंगला तीच, पिंप्राळ्याच्या झाडून सगळ्या रिक्षांत तीच. जो तो आधारकडे कोरी कॅसेट घेऊन यायचा. भरून झाली की आधार लेबलवर निळ्या बॉलपेनने गोल काढून त्यात 'आ' लिहायचा. सोनगीरच्या धाब्यावर, दोंडाईच्याच्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर मी स्वतः ती ऐकली आहे. विचारलं तर सांगायचे, "आधारनी धून शे ही." ज्याने वाजवली त्याला खानदेशात कुणी ओळखत नव्हतं. आधारला ओळखत होते.

अकरा वर्षं असंच चाललं. मग सीडी आली.

धुळ्याला आग्रा रोडवर बन्सीलाल शेठचं म्युझिकचं दुकान. काचेचं दार, आत गारवा. शहाण्णवच्या डिसेंबरात तिथे सीडी प्लेअर आल्याचं कळलं आणि त्यावर आपली धून वाजते असंही कळलं. आधार म्हणाला, "भाईदासभाऊ, चला." एसटीने निघालो. वाटेत पारोळ्याला चहासुद्धा घेतला नाही त्याने. नवरी बघायला निघाल्यासारखा तोंड पुसत होता.

शेठने चकती आत सरकवली. धून सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा, एवढा स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता. आधारकडे पाहिलं तर त्याच्या कपाळावर आठी.

"शेठ, ही हळू चाललीय. आणि खाली उतरलीय, अर्ध्या पट्टीने."

शेठ हसले. "सीडी हळू चालत नसते बाबा. लेसर असतो त्यात. तुझ्या कॅसेटीसारखा रबरी पट्टा नाही."

"बरं, आणि खुर्ची कुठंय?"

"कसली खुर्ची?"

"पहिल्या सुराच्या आधी एक खुर्ची करकरते. वाजवणारा बसतो ना, त्याची. माझ्या कॅसेटीत आहे. यात नाही. कुणीतरी आवाज धुतलाय यातला."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठ म्हणाले, "अरे, तुझ्या टेपातला कचरा असेल तो. सीडी म्हणजे सीडी, सगळ्या सारख्या. मिरवणुकीतले भोंगे वेगळे आणि संगीत वेगळं. ज्याचं काम त्याने करावं."

झालं. 'ज्याचं काम त्याने करावं' हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये. आमच्या आज्यापणज्यांनी ते फार ऐकलंय. मी काउंटरवर असा हात आपटला की वरचा कॅल्क्युलेटर खाली पडला.

"शेठ, शेवटच्या रविवारी, जानेवारीच्या, पिंप्राळ्याच्या समाजमंदिरात या. तुमची सीडी आणा. चारशे माणसांसमोर हा सिद्ध करेल. नाही केलं, तर आधार सपकाळे दुकानाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवेल!"

"लिहून घ्या," शेठ म्हणाले. "येतो."

बाहेर आल्यावर आधार म्हणाला, "भाऊ, पाटी माझी व्हती ना?"

जीभ माझी सुटली होती आणि अब्रू त्याची पणाला लागली होती.

आधारची मूळ कॅसेट तुम्हीआम्ही घासून घासून कधीच झिजलेली. तिच्यावर काही सिद्ध करणं कठीण. म्हणून त्याने मस्कतला अभिमनला पत्र टाकलं: जुन्यात जुनी सीडी मिळव, नवी नको. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अभिमन सुट्टीवर आला, प्लेअर आणि सीडी घेऊनच. तिथल्या एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेली, पंच्याऐंशी साली छापलेली. आधारने डिक्शनरी घेऊन बारीक अक्षरं वाचून काढली. शेठच्या सीडीच्या पाकिटावरचं त्याने धुळ्यालाच वहीत उतरवून आणलं होतं. दोन्ही ठेवून मला समजावलं. वाजवणाऱ्याने मूळ टेप एकदाच भरली. पण टेपवरून सीडी काढताना कुणीतरी माणूस बसतो आणि ठरवतो, कुठला आवाज वर घ्यायचा, कुठला दाबायचा, काय पुसायचं. याला मास्टरिंग म्हणतात. शेठची सीडी पंच्याण्णवला नव्याने मास्टर केलेली. टेप एकच, पण दोन माणसांनी दोन वेळी दोन कानांनी काढलेली.

"तुम्ही अन् मी एकच भाजी आणली आणि कुंदाने वेगळी केली, माझ्या मायने वेगळी केली, तसं शे," तो म्हणाला. त्याची बायको कुंदाबाई चुलीजवळून म्हणाली, "मग कोणाची चांगली, ते सांगा ना आते!" आधारने तिच्याकडे बघितलंच नाही. शहाणा माणूस.

जुनी सीडी लावली. सुरुवातीला शांतता. आणि मग, अगदी बारीक, कर्र... खुर्ची!

आधार उडालाच. "ऐकी का भाऊ? ऐकी का?" मी काही ऐकलं नव्हतं, पण हो म्हणालो. त्याने पुन्हा लावली. डोळे मिटून मी ऐकायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळेला मला ऐकू आली. लाकडी स्टूल असावं. माणूस बसला, स्टूल करकरलं, मग पहिला सूर. कुठल्या देशातला तो माणूस, पण बसल्याचा आवाज आमच्या शाळेतल्या बाकासारखाच.

आणि मग धून पुढे गेली तसा आधारचा चेहरा उतरत गेला.

हीसुद्धा हळू होती. हीसुद्धा अर्ध्या पट्टीने खाली.

त्याने माझं घड्याळ काढून घेतलं. सीडी चार मिनिटं दहा सेकंद. पाकिटावरही तेच छापलेलं. कॅसेट चार मिनिटांच्या आतच आटोपली. दोनदा लावली, तीनदा लावली. दोन सीडी सगळ्या बाबतीत वेगळ्या, पण वेगात एक. म्हणजे चुकली होती ती कॅसेट. दहा वर्षं, अख्ख्या खानदेशात.

"काहीतरी घोटाळा आहे," मी म्हणालो. "तुझा कान चुकणार नाही."

"डेक मीच लावलाय ना भाऊ. माझ्या हातानं."

हकिकत अशी. पंच्याऐंशीला निंबाआबा कामावरून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पाळी सुटल्याचा जिनाचा भोंगा आधारने आठवण म्हणून कॅसेटवर भरून ठेवला. पुढच्या वर्षी तो दोन महिने धुळ्याकडे लग्नसराईत भोंगे लावत फिरत होता, आणि परत आल्या आल्या मूळ कॅसेट वाजवायच्या डेकची मोटर जळली. नवी बसवली. मोटरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. मोठ्या दुकानांत वेग तपासायला खास टेप असते. आधारकडे ती कुठून असणार? त्याने डोकं चालवलं. आबांच्या भोंग्याची कॅसेट लावली आणि संध्याकाळी पाच वाजता जिनाचा खरा भोंगा वाजला, तेव्हा दोन्ही आवाज एका सुरात येईपर्यंत स्क्रू फिरवला. मला विचाराल तर अशी युक्ती मुंबईच्या इंजिनियरला सुचली नसती.

"मग चुकलं कुठं?" मी विचारलं.

खाटेवर निंबाआबा पडले होते. सगळं ऐकत होते. ते उठून बसले. "भोंगा बदलाई गयथा ना त्या साले."

"काय?"

"जुना वाफना व्हता. शहाऐंशीना लग्नसराईमा त्यास्नी इजवर चालणारा बसाडा. नवा जरा चिरका वाजे. तू धुयाले व्हतास."

आधारने कपाळाला हात लावला. "आबा, मग सांगं नही तुम्ही?"

"माले कोन इचारस?" आबा म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

बघा म्हणजे. धुळ्याहून आल्यावर कॅसेटमधला भोंगा आणि खरा भोंगा जुळत नाहीत, हे आधारच्या कानाने बरोबर पकडलं होतं. फक्त दोष त्याने नव्या मोटरला दिला, नव्या भोंग्याला नाही. मोटर पळवली आणि धून पळाली; ते त्याला जाणवलंही, पण जुनी मोटर जळण्याआधी मंदावली असेल, असं त्याने धरलं. सिनेमाची गाणी तो तबकड्यांवरून भरायचा, म्हणून त्यात फरक पडला नाही. त्या डेकवर दोनच गोष्टी लागायच्या: एक ही धून आणि दुसरी माझी भाषणं.

"थांब," मी म्हणालो. "माझी भाषणं?"

कुंदाबाई पदराआड हसायला लागली. दहा वर्षं लोक मला सांगत होते, "भाऊ, कॅसेटमध्ये तुम्ही फार चिरकता." मी म्हणायचो, अन्याय बघून माणूस चिरकणारच! आता कळलं, राग माझा होता, पण वरची अर्धी पट्टी मोटरची होती.

हसून झालं. पण रविवार चार दिवसांवर होता. मी आधारला बाजूला घेतलं. आज लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

"हे बघ, वेगाचं काढूच नको. फक्त खुर्चीचं सिद्ध कर. लोक आपले आहेत. शेठने वेगाचं काढलं तर मी आरडाओरडा करतो. गोंधळात निघून जाईल."

आधारने माझ्याकडे असं पाहिलं, की मोर्चात पोलिसांनीही कधी पाहिलं नसेल.

"भाऊ, तुम्ही स्टेजवर काय सांगतात? खरं बोला, कोणाच्या बापाला भिऊ नका. ते कॅसेटवर भरलंय मी. अर्ध्या पट्टीने वर, पण भरलंय."

रविवारी सकाळी समाजमंदिर भरलं. रिक्षावाले, हातगाडीवाले, बाया, पोरंसोरं. बन्सीलाल शेठ गाडीतून आले. दोन माणसं बरोबर, पांढरा सफारी. मी पुढे बसलो होतो, मुठी आवळून.

आधार उभा राहिला. अंगात धुतलेला शर्ट. माइक घेतला नाही.

"पहिली गोष्ट," तो म्हणाला. "शेठ बरोबर बोलले व्हते. सीडी हळू नाही. माझी कॅसेट जोरात आहे. दहा वर्षांपासून मी तुम्हा सगळ्यांना चुकीची धून भरून दिली."

मग त्याने मोटर, स्क्रू, भोंगा, सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही. मागून एक रिक्षावाला ओरडला, "मग आते पाटी उतरवनार का?" मी उठायला लागलो, तर आधारने हातानेच बसवलं.

"उतरवतो. पण अर्धं अजून बाकी शे. मी दोन गोष्टी बोललो व्हतो. शेठ म्हणतात, सीडी म्हणजे सीडी, सगळ्या सारख्या. मी म्हणतो नाही."

कुंदाबाईने दोन खांबांना चादर बांधली. चादरीमागे प्लेअर, तिथे बन्सीलाल शेठ स्वतः. दोन्ही सीडी त्यांच्याच हातात. एक अट आधारने घातली. दोन्ही एकदा वाजवून बघून ॲम्प्लिफायरच्या बटणावर खडूने दोन खुणा केल्या: जुनी लावली तर ही, नवी लावली तर ती. "नवी मुळातच मोठी भरलीय शेठ. जे मोठं वाजतं ते माणसाला चांगलं वाटतं. म्हणून दोघींना सारखं करून ऐकू."

मला तेव्हा कुठे कळलं, की धुळ्याला माझ्या अंगावर काटा का आला होता.

दहा वेळा लावायचं ठरलं. पहिली, "जुनी." बरोबर. दुसरी, "नवी." बरोबर. तिसऱ्या वेळी शेठने डाव टाकला, पुन्हा नवीच लावली. "नवीच ठेवलीय शेठ, काढलीच नाही तुम्ही." लोकांनी टाळ्या मारल्या. मग शेठने सुरुवात टाळून मधूनच लावली, म्हणजे खुर्चीचा प्रश्नच नको. आधारने मान तिरकी केली. "जुनी. ठोक्याच्या मागं आवाज विरत जातो ना, तो हिच्यात पुरा विरतो. नवीत मधीच कापलाय." दहाच्या दहा बरोबर. मी रडलो का? धूळ गेली होती डोळ्यात.

पण आधारचं समाधान झालं नव्हतं. "मी ओळखलं म्हणून काय झालं? तुम्ही ऐका." त्याने जुनी सीडी लावायला सांगितली. "धून नका ऐकू. धुनेच्या आधीचं ऐका."

चारशे माणसं गप्प बसली. आमच्या सभेत मी इतकी वर्षं बोलतोय, पण चारशे माणसं एकदम गप्प झालेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

भाजीवाली बेबाबाई पुढच्या रांगेत होती. सत्तरीची, एका कानाने थोडी कमी ऐकणारी. धून सुरू व्हायच्या आत ती ओरडली, "अरे, कोनीतरी बसनं ना रे!"

सगळं समाजमंदिर फुटलं. "आम्हालेबी ऐकू उनं! पुन्हा लाव! पुन्हा लाव!" सात-आठ वेळा लावली. दर वेळी खुर्ची करकरली की पोरं टाळ्या पिटायची. धुनेला नाही, खुर्चीला! मग नवी लावली. कोरडी शांतता आणि एकदम सूर. बेबाबाई म्हणाली, "हाई तर उभ्या उभ्याच वाजाडी राह्यना."

चादर बाजूला सारून बन्सीलाल शेठ बाहेर आले. माणूस व्यापारी, पण दगड नाही. म्हणाले, "आधारभाऊ, मलाही ऐकू आली. मीच चकती घालत होतो, तरी आधी कधी ऐकली नव्हती." आधार नव्हे, आधारभाऊ! मी ते वाक्य काळजात ठेवून दिलंय.

आधार तरीही खाली उतरला, सरळ दुकानात गेला आणि शिडी लावून पाटी काढायला लागला. मी धावलो. "अरे वेड्या, जिंकलास तू!"

"अर्धंच जिंकलो भाऊ. अर्ध्याची पाटी काढतो."

पाटी त्याने खाली उतरवली. रंगाऱ्याकडून तिच्यावर एक ओळ वाढवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टांगली. आजही आहे, जाऊन बघा: 'समता रेकॉर्डिंग सेंटर. येथे चूक भरलेली कॅसेट दुरुस्त भरून मिळेल.' जिल्ह्यात कुठल्या दुकानाने अशी पाटी लावलीय, मला दाखवा. कुठल्या ऑफिसने लावलीय?

तेव्हापासून तो जुन्या सीडीवरून त्या सगळ्या कॅसेटी पुन्हा भरून देतोय, फुकट. काही रिक्षावाले अडून बसले. "आमनी तीच भारी शे, जोरमा पळस," म्हणतात. त्यांना तो दोन्ही भरून देतो, एका बाजूला बरोबर, एका बाजूला चूक. वर लिहितोही तसं. माझी भाषणं मात्र परत भरायला मी नको म्हटलं. राहू दे चिरकं. ऐकणाऱ्याला जाग तरी येते.

पण दहा वर्षांत 'आ' लिहिलेल्या किती कॅसेटी कुठे गेल्या, कोण सांगणार? पोरी सासरी गेल्या त्यांच्याबरोबर गेल्या, सुरतेला कामाला गेलेल्यांच्या ट्रंकेत गेल्या. त्या फिरतात तोवर आधारला चैन नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, हे वाचून झालं की उठा. कपाटावरचा डबा काढा, पलंगाखालची पेटी उघडा. निळ्या गोलात 'आ' लिहिलेली कॅसेट सापडली तर फेकू नका, पोरांना टेप ओढायला देऊ नका. पिंप्राळ्याला आधारकडे घेऊन या. तो दुरुस्त भरून देईल. पण घरी नेण्याआधी दुकानातल्या बाकावर बसा, धून सुरू व्हायच्या आधीची खुर्ची ऐका, आणि ऐकू आली की नाही ते मला विचारू नका, आधारला विचारू नका, तुमचं तुम्ही सांगा.